त्या परांचीवर आधी कोण उभं होतं?

मा. डॉ. एस. जयशंकर
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

सादर नमस्कार.

मी अलिबाग-पनवेल पट्ट्यात तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होतो. माझ्या हाताखाली गिलावा शिकलेला गोरखपूरकडचा एक मुलगा २०२४ साली इस्रायलला गेला. परवा त्याने परांचीवरूनच व्हिडिओ कॉल केला. मागच्या विटांवर काळ्या मार्करने अरबीत काही लिहिलेलं होतं, खाली एक आडवी रेघ. मापं असावीत, आपल्याकडचे गवंडीही मापं भिंतीवरच टिपतात. मी विचारलं, "तुझ्याआधी इथे कोण होतं रे?" तो म्हणाला, "पॅलेस्टिनी लोग थे, साहब. अब उनको आने नहीं देते."

त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात आहे.

७ ऑक्टोबर २०२३ पूर्वी दीड लाखाच्या आसपास पॅलेस्टिनी मजूर रोज इस्रायलमध्ये कामाला जात. बेथलेहेमच्या नाक्यावर पहाटे तीन-चारलाच रांग लागायची. त्या दिवशी गाझातल्या हमास या सशस्त्र संघटनेने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर बहुतेकांचे परवाने बंद झाले. मग आपल्याकडे रोहतकला आणि नंतर पुण्यातही सेंटरिंग, सळई, फरशी, गिलाव्याच्या चाचण्या झाल्या, महिना सुमारे १ लाख ३७ हजार रुपये पगार सांगितला गेला. मी त्या मुलाला दोष देत नाही. घरी बहिणीचं लग्न आहे आणि इथे त्याला रोजाचे हजार रुपयेही धड मिळत नव्हते. पण त्याला तिथे पाठवणारं सरकार "हा प्रश्न त्या दोघांनी आपसात बोलून सोडवावा" एवढंच म्हणून बाजूला होऊ शकत नाही, असं मला मनापासून वाटतं.

हमासचं आधी बोलतो, कारण ते टाळून पुढे जाणं खोटेपणाचं होईल. आमच्या आळीतलं बेने इस्रायल (कोकणातले ज्यू) कुटुंब फार वर्षांपूर्वी इस्रायलमधल्या अश्दोदला गेलं. त्या घरातल्या मावशी अजून अलिबागच्या मराठीत बोलतात. ७ ऑक्टोबरला त्यांनी बॉम्बपासून बचावाच्या खोलीतून फोन केला होता, नातू सैन्यात, त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी सुमारे १२०० माणसं मारली गेली, २५१ ओलीस नेली. घरात घुसून म्हाताऱ्या माणसांना मारणं आणि लेकरं उचलून नेणं याची जबाबदारी हमासचीच. कोणताही ताबा, कोणतीही नाकेबंदी ती त्यांच्या अंगावरून काढून घेऊ शकत नाही. रामल्लातल्या पॅलेस्टिनी नेतृत्वालाही मी मोकळं सोडत नाही. त्यांचे अध्यक्ष महमूद अब्बास २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले आणि तिथल्या संसदेची शेवटची निवडणूक २००६ ची. आपल्या माणसांना मत विचारायला न जाणारा नेता त्यांच्या नावाने तह कसा करणार?

पण साहेब, सगळ्यांच्या हातात सारखं काही नाही. माझ्या धंद्यातलं सांगतो. प्लॉटचा वाद कोर्टात असला की कोर्ट 'जैसे थे' ठेवायला सांगतं. एका पक्षाने तारखांना हजर राहून बोलायचं आणि त्याच वेळी प्लॉटवर मजले चढवायचे, हे कुठलंही कोर्ट चालवून घेत नाही. १९९३ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनींमध्ये ओस्लो करार झाला तेव्हा इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागात, पूर्व जेरुसलेम न धरता, एक लाखाच्या थोडे वर इस्रायली वसाहतवाले होते. आज ते पाच लाखांच्या आसपास आहेत. हे वादळासारखं आपोआप आलेलं नाही, एकामागून एक आलेल्या सरकारांनी नकाशे मंजूर केले, रस्ते आणि पाणी दिलं. आणि गाझात ६० हजारांहून जास्त माणसं मेली, हा तिथल्या आरोग्य खात्याचा आकडा आहे. फौज, हद्द, परवाना, पाणी ज्याच्या हातात, शांततेचा मोठा वाटाही त्याच्याच माथी येतो.

तिथे माणसं नाहीत असं नाही. ४ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायली आणि पॅलेस्टिनी बायकांनी जेरुसलेममध्ये आणि मृत समुद्राच्या काठी एकत्र मेळावा घेतला. तो मेळावा घेणाऱ्या इस्रायली संघटनेच्या संस्थापकांपैकी व्हिव्हियन सिल्व्हर गाझातल्या आजारी माणसांना इस्रायलच्या इस्पितळांपर्यंत गाडीने पोचवायच्या. तीन दिवसांनी हमासच्या हल्ल्यात, गाझाजवळच्या बेएरी किबुत्झमध्ये (सामूहिक वस्तीत), त्यांना मारण्यात आलं. त्यांच्या मुलाने सूडाची भाषा केली नाही, तो आईच्याच कामाला लागला. त्यांच्याकडे सरकार नाही, फौज नाही, तरी त्यांनी आपला वाटा उचलला.

आता आपला. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टाइन समितीत भारत होता. इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर आपण फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली होती. १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता दिली, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. दोघांच्या घरात आपलं जाणं-येणं आहे. मग १९ जुलै २०२४ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पॅलेस्टिनी भागावरचा इस्रायलचा ताबा बेकायदा आहे आणि तो टिकवायला कुठल्याही देशाने मदत करू नये असं मत दिल्यावर, त्यावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या १८ सप्टेंबरच्या ठरावावर आपण तटस्थ का राहिलो? जून २०२५ मध्ये युद्धबंदीच्या मतदानातही तटस्थ, आणि तीन महिन्यांनी इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशी दोन राष्ट्रं असावीत या जाहीरनाम्याला होकार. मला यातून भारताचं म्हणणं काय ते समजत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एकही भारतीय मजूर वसाहतींच्या बांधकामावर जाणार नाही, ही लेखी हमी इस्रायलकडून घ्या आणि संसदेत मांडा. पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने कधी सुरू होणार, हे प्रत्येक बैठकीत विचारा. इस्रायलची शस्त्रं सर्वांत जास्त आपण घेतो, आपला प्रश्न त्यांना ऐकावाच लागेल. आणि हमासशी मध्यस्थी करणाऱ्या कतारशी आपले जुने संबंध आहेत. हमासने शस्त्रं खाली ठेवावीत यासाठी तिथेही तितक्याच स्पष्टपणे बोला.

मार्च २०२४ मध्ये लेबनॉनच्या सीमेजवळच्या बागेत केरळचा एक कामगार क्षेपणास्त्राने गेला. आमचा मुलगा अजून दीड वर्ष तिथे आहे. पुढच्या अधिवेशनात आपण यावर निवेदन करावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर, अलिबाग