वृक्षासनात पाऊल गुडघ्यावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

योगदिन जवळ आला की वर्तमानपत्रांत आणि फलकांवर वृक्षासनाची, म्हणजे एका पायावर झाडासारखे उभे राहण्याच्या आसनाची, छायाचित्रे झळकू लागतात. त्यांतल्या पुष्कळ छायाचित्रांत उचललेले पाऊल उभ्या पायाच्या गुडघ्याला आतून टेकवलेले असते. चित्र पाहून घरच्या घरी आसन करणारे खूप आहेत. म्हणून विनंती, की अशा छायाचित्राऐवजी योग्य स्थितीचे निवडावे आणि खाली ‘पाऊल गुडघ्याच्या वर किंवा खाली’ एवढी ओळ द्यावी.

गुडघा पुढेमागे दुमडण्यासाठी घडलेला सांधा आहे. कडेने येणारा दाब त्याच्या दोन बाजूंच्या अस्थिबंधांना (हाडे जोडून धरणाऱ्या पट्ट्यांना) पेलावा लागतो. सगळा भार त्या एकाच पायावर असताना पाऊल गुडघ्याला रेटले की ताण तिथेच येतो, आणि गुडघा आधीच झिजलेला असेल तर दुखणे वाढते. घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातही उजवे पाऊल डाव्या मांडीच्या मुळाशी ठेवायला सांगितले आहे. तिथवर पोहोचत नसेल तर पोटरीवर ठेवावे. तेही जमत नसेल तर टाच दुसऱ्या पायाच्या घोट्याला लावून चवडा जमिनीवरच राहू द्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

आसन अनवाणी, कडक जमिनीवर करावे. गादीवर किंवा जाड मॅटवर घोटा उगाच डगमगतो. आधी दोन्ही पायांवर सरळ उभे राहून भार सावकाश डाव्या पायावर न्यावा. अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ आणि टाच, या तिन्ही ठिकाणी तळवा सारखा टेकला पाहिजे. भार पुरता सरकल्यावरच उजवे पाऊल उचलावे. घाईने उचलले की तोल तिथेच जातो. पाऊल मांडीवर ठेवताना बोटे खाली असावीत. पावलाने मांडीला आणि मांडीने पावलाला सारख्याच जोराने दाबावे. पाऊल सारखे घसरत असेल तर बहुतेक वेळा दोष गुळगुळीत कापडाचा असतो.

सर्वांत जास्त चुकते ती कंबर. उभ्या पायाच्या बाजूला खुबा बाहेर लोटला जातो आणि वरचे शरीर उलट बाजूला कलते. बघणाऱ्याला आसन जमल्यासारखे दिसते, पण नितंबाच्या बाजूचा जो स्नायू कंबर समपातळीत धरतो तो काम करतच नसतो. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून पाहावे: एक हाड वर, एक खाली लागले तर पाऊल आणखी खाली घ्यावे. दुमडलेला गुडघा अगदी बाजूला नेण्याचा हट्टही नको, त्याने कंबरच त्या बाजूला वळते. गुडघा तिरका पुढे राहिला तरी चालेल, कंबर समोर हवी. उभा गुडघा मागे ताणून कुलूप लावल्यासारखा करू नये.

हात आधी छातीशी जोडावेत. ते डोक्यावर नेले की शरीराचा गुरुत्वमध्य वर जातो आणि तोल अवघड होतो, शिवाय फासळ्या पुढे येऊन पाठीला बाक पडतो. नजर डोळ्यांच्या उंचीवरच्या एका स्थिर बिंदूवर ठेवावी. श्वास रोखू नये. प्रत्येक बाजूला पाच संथ श्वास पुरेत. घोट्याजवळ बारीक थरथर होते ती स्नायू तोल सावरत असल्याची. तिला घाबरून पायाची बोटे जमिनीत रुतवली तर तोल उलट लवकर जातो. उतरताना पाऊल सावकाश खाली आणावे, आपटू नये.

ज्येष्ठांनी भिंतीकडे पाठ करून चार बोटे अंतरावर उभे राहावे आणि जड खुर्चीची पाठ हाताशी ठेवावी. चक्कर येत असेल किंवा घोटा नुकताच मुरगळला असेल तर तेवढे दिवस हे आसन टाळावे. डोळे मिटून करण्याची हौस अनेकांना असते. तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि तळव्यांतून-सांध्यांतून येणारी जाणीव असे तीन आधार असतात. डोळे मिटले की पहिला जातो. उघड्या डोळ्यांनी दोन्ही बाजूंना अर्धा मिनिट स्थिर राहता येत असेल तरच तो प्रयोग करावा, आणि तोही भिंतीजवळ.

आपले,
काही योगशिक्षक