बोटीच्या वायरिंगविषयी आबांना पत्र

साउदॅम्प्टन, रविवार

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलेत, ‘बोटीत वायरिंग ते असे किती असणार?’ उत्तर लांबणारे आहे म्हणून लिहितो.

आमच्या शिडाच्या बोटीत दिवे, फ्रिज, रेडिओ आणि तळाशी साचणारे पाणी उपसणारा पंप हे सारे 12 व्होल्टवर चालते. बॅटरी 100 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवलेल्या विजेचे माप) असली, तरी लेड-अ‍ॅसिडची असल्यामुळे तिचे आयुष्य राखायचे तर त्यातले निम्मेच वापरायचे. नांगर टाकल्यावर डोलकाठीवर रात्रभर पांढरा दिवा ठेवावा लागतो. तो 10 वॅटचा जुना बल्ब बारा तासांत 10 एएच खात होता. दुसरी बॅटरी घेण्याचा मोह झाला होता, पण 2 वॅटचा एलईडी बसवताच तेच काम 2 एएचमध्ये भागले. मात्र पहिल्यांदा घेतलेला स्वस्त एलईडी लावला की रेडिओवर खरखर सुरू होई, म्हणून तो काढून टाकावा लागला.

फ्रिजने मात्र मला आठवडाभर छळले. बॅटरीवर 12.4 व्होल्ट दिसत असतानाही कॉम्प्रेसर सुरू होता होता बंद पडे. शेवटी मल्टिमीटर फ्रिजच्या टोकाला लावला, तेव्हा लांब अंतराला 1.5 चौरस मिलिमीटरची वायर ओढलेली असल्याने जाता-येता पाऊण व्होल्ट गळतो आहे हे कळले. 230 व्होल्टमध्ये तेवढ्याचे काहीच वाटत नाही. 12 मधून गेला तर सहा टक्के गेले. पंचगंगेकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी लांब केबलमुळे तापून तुमच्याकडे रिवाइंडिंगला यायच्या, तोच हा आजार. 4 चौरसची वायर टाकल्यापासून फ्रिजची तक्रार नाही. ही वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घेतली, कारण साधे तांबे खाऱ्या हवेत आतपर्यंत काळे पडते.

एका बाबतीत तुमचे ऐकले नाही, त्याचा राग मानू नये. जोड सोल्डर न करता थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची टोपी, दाबून केले. सोल्डर तारेत वर चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी त्याच्या कडेला तार तुटते. वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी चढवली आहे. दाबायचे हत्यार चांगले हवे. पक्कडीने चेपलेले माझे पहिले दोन थिंबल हाताने ओढताच निघाले!

जुन्या मालकाने बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक वायर थेट, फ्यूजशिवाय नेली होती. ती लाकडी कप्प्याच्या कडेला घासून सोललेली पाहिली आणि अंगावर काटा आला. फ्यूज यंत्रासाठी नसून वायरसाठी असतो, हे तुम्ही उद्यमनगरातल्या दुकानात मला कितीदा तरी सांगितलेत. आता प्रत्येक वायरला बॅटरीजवळच, तिच्या जाडीला साजेसा फ्यूज आहे.

पाणी उपसण्याचा पंप तेवढा राहिला आहे. आम्ही बोटीवर नसताना मेन स्विच बंद असतो, तरीही तो चालला पाहिजे. म्हणून त्याला स्वतंत्र फ्यूज देऊन थेट बॅटरीवर घेणार आहे. पाणी वाढले की पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या स्विचचे जोड पाण्याच्या पातळीपेक्षा किती वर बांधावेत, याबद्दल तुमचा विचार कळवावा.

आईस साष्टांग नमस्कार.

आपला,
विनायक