ठराव लिहिण्याआधी

प्रिय दादा,

प्रभू येशूच्या नावात तुला, वहिनीला आणि मुलांना सलाम. आईला वेगळा.

तुझा निरोप ऐकला. यापुढे कितीही मोठी साथ आली तरी चर्चचं दार बंद ठेवायचं नाही, असा ठराव पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, येतोय आणि तुला माझं मत हवंय. असं बोलणं फोनवर अर्ध्यातच राहतं, म्हणून लिहितेय.

ठराव मला मान्य नाही. ज्या दुखण्यातून तो आलाय ते मात्र खरं आहे, त्याच्याकडे मी पुढे येतेच.

ठरावाला आधार म्हणून इब्री 10:25 घेतलंय, एकत्र मिळणं सोडू नका. पण त्याच्या आदल्या वचनात एकमेकांकडे लक्ष द्यायला सांगितलंय, प्रीतीला आणि सत्कर्मांना उत्तेजन मिळावं म्हणून. जमायचं ते त्यासाठी. ज्या जमण्याने शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचा जीव जाऊ शकतो, त्याला हे वचन कसं लावायचं? 10 मार्च 2020 ला, कोरोनाच्या सुरुवातीला, अमेरिकेत माउंट व्हर्नन इथे एक गायकवृंद चर्चच्या हॉलमध्ये सरावाला जमला होता. 61 माणसं. त्यातल्या 53 जणांना आजार झाला आणि दोघं गेले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ती माणसं फक्त गात होती.

आणि स्तोत्र 91. मरीपासून देव राखील, हे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो आणि मी आजही वॉर्डात शिरताना म्हणते. पण मत्तय 4 मध्ये सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो, तेव्हा तो याच स्तोत्राचं वचन काढतो. आपल्या देवाची परीक्षा पाहू नको, एवढंच येशूचं उत्तर. कमिटीत कुणी हे स्तोत्र पुढे केलं तर तू हा अध्याय वाचायला सांग.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरपुढेही हाच प्रश्न आला होता. 1527 मध्ये जर्मनीत त्याच्या विटेनबर्ग गावाला प्लेग आला, विद्यापीठ दुसरीकडे हललं, पण तो थांबला. त्याची बायको काथारीना गरोदर होती, तरी आजारी माणसं त्यांच्याच घरात ठेवलेली होती. मरी आली तर पळावं का, असं ब्रेस्लाऊ शहराच्या पाळकांनी विचारलं, त्यावर त्याने लांबलचक पत्र लिहिलं. सार असं, की पाळकाने आणि ज्याच्यावर कुणी अवलंबून आहे त्याने जागा सोडू नये. औषध घ्यावं, हवा शुद्ध करावी, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊ नये, नाहीतर आपल्या निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव जाईल. पण शेजाऱ्याला गरज असली तर बेधडक जावं. दादा, त्याने दूर राहणं आणि जवळ जाणं ही दोन्ही कर्तव्यं एकाच पत्रात सांगितली. आपण मात्र त्यातलं एकेक उचलून भांडतो.

इथे इंग्लंडमध्ये, डर्बीशायर परगण्यात, ईम नावाचं गाव आहे. 1665 मध्ये तिथे प्लेग शिरला. मॉम्पेसन हा तिथला पाळक. आधीच्या पाळकाशी, स्टॅन्लीशी, त्याचे मतभेद होते, तरी दोघांनी मिळून 1666 च्या उन्हाळ्यात गावाला पटवलं की कुणी सीमा ओलांडायची नाही. चर्चला कुलूप लावून उपासना उघड्या दरीत घेतली, कुटुंबं एकमेकांपासून लांब उभी राहिली. सीमेवरचा दगड मी पाहिलाय. त्याला खळगे आहेत, बोट घालता येईल एवढे. त्यात व्हिनेगर भरून पैसे ठेवायचे, म्हणजे अन्न आणून देणाऱ्याला बाधा होऊ नये. गावातली सुमारे 260 माणसं गेली, त्यात मॉम्पेसनची बायको कॅथरिनही. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं आपल्या हातांनी पुरली. मॉम्पेसनने स्वतःची मुलं मात्र आधीच बाहेर पाठवली होती, आणि ते मला अजून खुपतं. तरी कुलूप लावलेल्या त्या चर्चला अविश्वासी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता दुखण्याबद्दल. मार्च 2020 मध्ये इथल्या आर्चबिशपांनी पाळकांनाही एकट्याने प्रार्थनेला चर्चमध्ये जायला मनाई केली. मला ते जास्तच वाटलं. पण त्याच दिवसांत आमच्या वॉर्डात चॅप्लेन, म्हणजे रुग्णालयाचे पाळक, यायचे. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, दोन हातमोजे चढवलेले. कापसाच्या बोळ्याने कपाळाला तेल लावायचे, फोन रुग्णाच्या कानाशी धरायचे आणि पलीकडची मुलगी रडायची थांबेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत. चर्च त्या खाटेपाशी होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बाबा गेले तेव्हा तूच फोन धरला होतास. शवपेटी उतरवताना चित्र हलत होतं आणि पाळकसाहेबांचा आवाज मध्येच तुटत होता. त्या दिवशी मंडळी आली नाही याचं मला काही वाटलं नाही, येऊच नये होतं. पण नंतरचे आठवडे? आईला किती जणांनी फोन केला? महिला मंडळातल्या त्या एक बाई रोज संध्याकाळी फोनवर एक स्तोत्र वाचायच्या, तेवढंच. रविवारची उपासना मोबाइलवर वेळेवर सुरू व्हायची, दानाचा खातेक्रमांकही दिसायचा, आणि आई त्या खोलीत एकटी. आपल्याला लागलंय ते हे. दार उघडं असतं तरी हे असंच झालं असतं, याची मला भीती वाटते.

म्हणून ठरावात दाराचं कलम नको, माणसांचं हवं. प्रत्येक एकट्या माणसाचं नाव कुणाकडे आहे, औषध कोण पोचवणार, मरणाऱ्यापाशी कोण जाणार (तरुण, धडधाकट आणि स्वतःहून तयार असलेले), दफनानंतर चाळीस दिवस त्या घरी रोज कोण बोलणार, हे साथ येण्याआधी लिहून ठेवा. प्रभुभोजनाला, म्हणजे एकत्र भाकर मोडायला, वाट पाहावी लागली तर पाहू. पौलाने करिंथकरांना सांगितलंच आहे, एकमेकांसाठी थांबा. स्क्रीनसमोर एकेकट्याने भाकर मोडणं मला पटलं नाही, पण ज्यांनी मोडली त्यांना मी दोष देणार नाही. आणि औषधाबद्दल, लसीबद्दल खोटे निरोप प्रार्थनेच्या नावाखाली पुढे ढकलणं ही खोटी साक्ष आहे, हेही कुणीतरी व्यासपीठावरून बोलावं.

पत्र कमिटीत वाचून दाखवायचं असेल तर दाखव. बाबांचं लिहिलंय तेवढं आईला आधी वाचून दाखव, ती हो म्हणाली तरच तिथे वाच. मसुदा झाला की मला पाठव, रात्रपाळी संपली की लगेच वाचेन.

तुझी,
धाकटी