शोकेस खुर्चीत बसून लाव

पुणे

प्रिय मित्रा,

जेवणघरातल्या नव्या शोकेसचा फोटो मिळाला. चार फूट रुंद, सात फूट उंच, आतून फूटभर खोल, खाली अडीच फुटांपर्यंत ड्रॉवर आणि वर काचेची दारं. सुताराचा हात चांगला आहे. फोटोखाली वहिनींनी लिहिलंय, ‘सगळं मावलंय, पण बघवत नाही.’ वहिनींचं निदान अगदी बरोबर. मावलंय म्हणूनच बघवत नाही.

आणखी एक गोष्ट फोटोवरून कळली. तो तू उभा राहून काढलायस आणि कपाट लावलंयही उभं राहूनच. दिवाणखान्यातली शोकेस माणसं येता-जाता, उभ्यानं बघतात. जेवणघरातली बघतात ती बसून. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर असतात, उभ्या माणसाचे पाच फुटांच्या आसपास. एवढ्या फुटाभराच्या फरकानं सगळी मांडणी बदलते. म्हणून एकानं टेबलाशी बसायचं, हलायचं नाही, आणि दुसऱ्यानं सांगेल तसं सरकवायचं. बसायचं काम वहिनींना दे.

पण त्याआधी सगळं बाहेर काढ. टेबलावर जुनी चादर अंथर आणि कपाट पूर्ण रिकामं कर. रिकामं झालं की डोकं आत घालून वास घे. प्लाय, फेव्हिकॉल, पॉलिश यांचा उग्र वास येत असेल तर धातूची भांडी इतक्यात परत ठेवू नकोस. नव्या लाकडातून आणि पॉलिशमधून आम्लाची वाफ निघत राहते. दारं बंद असली की ती आतच कोंडते, आणि घासून लख्ख ठेवलेलं पितळ लवकर मळकट होतं. दोष मग पीतांबरीला दिला जातो. दारं दोन-तीन आठवडे उघडी ठेव. काच बसवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं असेल तर तेही पूर्ण सुकू दे, त्यातूनही आम्लच निघतं.

तोवर सुताराला एकदा बोलावून घे, कारण दोन कामं राहिली आहेत. एक म्हणजे कपाट भिंतीला बांधणं. सात फूट उंच आणि फूटभर खोल कपाटाची दोन्ही दारं एकदम उघडली आणि एखादं पोरगं ड्रॉवरवर चढलं, तर ते पुढं यायला वेळ लागत नाही. वरच्या बाजूला दोन लोखंडी एल-पट्ट्या पुरतात. तुमची इमारत नवी आहे, म्हणजे भिंती बहुधा हलक्या करड्या ब्लॉकच्या असणार. त्यात साधी प्लॅस्टिकची गिट्टी धरत नाही, फिरते आणि निघून येते. त्या ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मिळतात, तेच आणायला सांग. भिंत बाहेरची असेल तर मागं इंचभर फट सोडायची, नाहीतर पावसाळ्यात ओल थेट पाठीच्या प्लायला भिडते.

दुसरं काम फळ्यांचं. फोटोत मधल्या काचेला झोळ आलेला दिसतोय, ती पाच मिलिमीटरची असावी. चार फुटांच्या गाळ्याला आठ मिलिमीटरची टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, काच घे आणि मध्ये मागून एक आधार दे. ही काच नुसतीच साडेसात किलोच्या आसपास भरते, त्यामुळं ती तोलणाऱ्या पिनाही धातूच्या आणि रबरी टोपीच्या हव्यात. टफन्ड काच नंतर कापता येत नाही. कापायला गेलं तर तिचा चुरा होतो. म्हणून मापं तीन ठिकाणी घ्यायची, त्यातलं सगळ्यात लहान धरायचं आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर सोडायचे.

सुतारानं चारही कप्पे सारख्या उंचीचे केलेत, कारण त्याला तेच सोपं. ते मोड. ड्रॉवरच्या वरचा कप्पा १३ इंच, त्यावरचा १५, मग १३, सगळ्यात वरचा १२. असं केलं की खालून दुसऱ्या कप्प्याची काच साधारण ४३ इंचांवर येते आणि बसलेल्या माणसाची नजर तिच्या किंचित वरून आत जाते. हा तुझा मुख्य कप्पा.

सर्वांत खालच्या कप्प्याला ड्रॉवरच्या प्लायचा आधार आहे, तेव्हा जड सगळं तिथं: पितळी डबे, तपेली, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या. हा कप्पा बसूनही वरून दिसतो, म्हणून वाडगे, पराती अशा पोटात नक्षी असलेल्या वस्तूही इथंच. पाच फुटांवर वाडगा ठेवलास तर बसलेल्या माणसाला त्याचं फक्त बूड दिसणार. काचेची फळी असली की आणखी गंमत, खालून सगळ्यांची बुडं दिसतात. तुझ्या फोटोत नसेल दिसत, पण खुर्चीत बसून वर बघ. फुलदाणीच्या बुडाला किमतीचं स्टिकर तसंच असणार. ही स्टिकरं खोबरेल तेलाचं बोट लावून दहा मिनिटं ठेवलं की न ओरखडता निघतात.

वरच्या दोन कप्प्यांत म्हणून उभ्या वस्तू. डिनर सेटमधल्या दोन-तीन मोठ्या प्लेटा स्टँडवर मागं उभ्या करायच्या. साडेदहा इंची प्लेट १३ इंचांत आरामात उभी राहते. बाकीच्यांची चळत सहाच्या वर नको, आणि प्रत्येक दोन प्लेटांत कापडाचा गोल तुकडा घाल. बोन चायनाच्या प्लेटेच्या बुडाची कड बिनग्लेझची, खरखरीत असते, ती खालच्या प्लेटेवर घासून रेघा उमटतात. कप एकात एक घालायचे नाहीत. काढताना अडकतात आणि कान तुटतात. काचेचे पेले उपडे ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती उघड्या फळीवर बरोबरच. बंद दाराआड मात्र सुलटे ठेव. पेल्याची कड हा त्याचा सगळ्यात नाजूक भाग, सगळा भार तिच्यावर येतो, आणि आत कोंडलेल्या हवेचा वास पहिल्या घोटाला येतो.

तुझं घर रुळांना लागून आहे, त्यासाठी एक जास्तीची काळजी. गाड्यांच्या हादऱ्यानं काचेवरची काच मिलिमीटर-मिलिमीटर सरकत जाते आणि एके दिवशी कडेला येते. पेल्यांच्या आणि मूर्तींच्या बुडाला पारदर्शक सिलिकॉनच्या टिकल्या लाव, तीन-तीन पुरतात. चार लावल्यास तर वस्तू डुगडुगते.

आता मुख्य कप्प्याकडं ये. काकूंची भांडी इथं यायला हवीत, आणि तीही सगळी नव्हेत. फोटोत तीन गडू एकामागं एक उभे दिसतायत, शाळेच्या वार्षिक फोटोसारखे. त्यातला नाव घातलेला एक निवड आणि बाकीचे खाली पाठव. ठोकून काढलेली ती ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं समोरून पडणाऱ्या उजेडात दिसतच नाहीत. उजेड बाजूनं, तिरपा आला की प्रत्येक ठिपक्याच्या खळगीत सावली बसते आणि नाव, साल सगळं वाचता येतं. म्हणून भांडं बाजूच्या दिव्यापासून (तो कुठं लावायचा ते पुढं सांगतो) वीतभर दूर ठेवायचं आणि नाव थोडं दिव्याकडं वळवायचं. खुर्चीतून वाचता येईपर्यंत फिरवत राहायचं, वहिनी सांगतील.

आणि ही नावं जपायची असतील तर सारखं घासू नका. दर घासणीला धातूचा पातळ थर जातो आणि आधी जातात ती अक्षरं. वर्षातून दोनदा पुष्कळ. चिंच-मीठ लावलंस तर लगेच भरपूर पाण्यानं धू आणि सुती कपड्यानं त्याच क्षणी कोरडं कर. मीठ खळग्यांत राहिलं की पावसाळ्यात तिथूनच हिरवे डाग फुटतात. घासल्यावर उघड्या हातानं धरायचंही नाही, आठवड्यानं बोटांचे ठसे उमटतात.

चांदीचं ताट-वाटी, अत्तरदाणी, गुलाबदाणी याच कप्प्यात, पण कडेला, दार उघडताच हाताला लागतील अशी. गौरींच्या हळदीकुंकवाला ती काढावी लागणार, तेव्हा मागं ठेवून पुढची चार भांडी हलवायची वेळ नको. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र यांचा स्पर्शही नको. नुसती काळी पडलेली वाटी अॅल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवून लिटरभर कढत पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घातला की उजळते. नक्षीकामाच्या अत्तरदाणीवर हा प्रयोग करू नकोस. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा तिचा उठाव असतो, तो गेला की ती सपाट दिसते.

मांडताना प्रत्येक कप्प्याचा तिसरा हिस्सा रिकामा सोड. हे वहिनींना पटायला वेळ लागेल. उंच वस्तू मधोमध नको, थोडी बाजूला आणि मागं, तिच्यापुढं बुटकी, मागचीला जरा झाकणारी. उंची कमी पडली तर लहान पाट ठेव, देवघरातला जुना असेल तर उत्तमच. प्लॅस्टिकची फुलं काढ. ट्रॉफ्या पोराच्या खोलीत जाऊ देत. संगमरवरी ताजमहालाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, माझं मत तुला माहीत आहे.

पाठीला तू तपकिरी लाकडी लॅमिनेट लावलंयस, त्यात पितळ बुडून गेलंय. आरसा मात्र लावू नकोस. तो गर्दी दुप्पट करतो, भांड्यांच्या पाठी दाखवतो आणि जेवणाऱ्याला स्वतःचंच तोंड. त्यापेक्षा मुख्य कप्प्यामागं गर्द हिरवा किंवा जांभळट खण लाव. खणाचं कापड, कपाटाचा खण नव्हे! चार मिलिमीटरच्या प्लायच्या तुकड्यावर ताणून मागून स्टेपल मारायचे. डिंकानं चिकटवू नकोस, डाग उमटतात. खणाचा पन्हा लहान, चार फुटांना जोड येणारच. तो बरोबर मधल्या आधाराच्या मागं घे, म्हणजे दिसणार नाही.

दिवे मागच्या बाजूला लावलेत ते चूक. त्यानं वस्तूंच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. दाराच्या आत, दोन्ही पुढच्या उभ्या कडांना, अॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये दुधी झाकणाची एलईडी पट्टी हवी, तोंड आत आणि मागं. उजेडाचा रंग ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. ६५०० च्या पांढऱ्या उजेडात पितळ आजारी दिसतं. वरून एकच दिवा लावून भागत नाही, कारण पहिल्याच प्लेटांच्या चळतीला उजेड अडतो. पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा छोटा डबा, कपाटाच्या आत बंद करू नका. तो तापतो आणि पट्टीच्या आधी तोच जातो. माथ्यावर, हात पोचेल असा ठेवा, आणि पट्टी २० वॉटची असेल तर ड्रायव्हर २५ चा घ्या.

काकूंना साष्टांग नमस्कार. लावून झालं की फोटो पाठव, पण खुर्चीत बसून काढलेला.

तुझाच

ता. क. काचा पुसायचं निळं पाणी कपाटाच्या आत फवारू नका. त्यात बऱ्याचदा अमोनिया असतो आणि तो पितळेला बाधतो, जुन्या ठोकीव भांड्याला तर बारीक चीरही पाडू शकतो. फवारा बाहेर उभं राहून फडक्यावर मारायचा आणि त्या फडक्यानं काच पुसायची.