नोटिशीची प्रत फायलीत पडून राहू नये : लॉस एंजेलिसच्या महापौरांना खुले पत्र

पाम्स, लॉस एंजेलिस
मार्च २०२३

मा. कॅरन बॅस,
महापौर, लॉस एंजेलिस शहर, यांस

महोदया,

सादर नमस्कार.

करोनाच्या साथीत भाडे थकलेल्या लोकांना घराबाहेर काढण्यावर आपल्या शहराने मार्च २०२० मध्ये घातलेली स्थगिती ३१ जानेवारी २०२३ रोजी संपली. ती संपायच्या चार दिवस आधी, २७ जानेवारीला, सबळ कारणाशिवाय भाडेकरूला घर खाली करायला लावता येणार नाही असा नवा कायदा शहरात लागू झाला. स्थगिती पुन्हा आणा, अशी मागणी मी या पत्रातून करत नाही. ती संपायला हवी होती, असेच माझे मत आहे. माझे म्हणणे त्यानंतरच्या एका कामाबद्दल आहे : घर खाली करण्याची नोटीस ज्याला मिळाली, त्या भाडेकरूपर्यंत शहराने वेळेत पोहोचणे. हे काम कायद्यानेच आपल्या गृहनिर्माण विभागाच्या पुढ्यात आणून ठेवले आहे आणि ते झाले नाही, तर ज्यांच्यासाठी हा कायदा केला त्यांच्यापर्यंत तो वेळेत पोहोचणार नाही. या पत्राचा इंग्रजी अनुवाद आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे. मूळ पत्र मराठीत लिहिले, कारण या शहरात भाड्याने राहणारे मराठी विद्यार्थी आणि नव्याने आलेली कुटुंबे आहेत, दोन-चार घरे भाड्याने देणारे मराठी घरमालकही आहेत, आणि हा विषय त्या सगळ्यांचा आहे.

स्थगिती संपायला हवी होती असे एका भाडेकरूने म्हणावे, हे आपल्याला विचित्र वाटेल, म्हणून त्यामागचे कारण सांगते. मी मुंबईत लालबागच्या एका चाळीत वाढले. वडील गिरणीत कामाला होते. आमच्या खोलीचे भाडे महिना तेवीस रुपये होते आणि भाडेपावत्या आई देवघराच्या खणात जपून ठेवत असे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबला. तेव्हा भाडे इतके कमी नसते, तर आम्हाला चंबूगबाळे आवरून गावी जावे लागले असते. ज्या कायद्यामुळे आम्ही मुंबईत टिकलो, तो १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. महायुद्धानंतरच्या घरटंचाईत तो तात्पुरता म्हणून आला, त्याने बहुतेक जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले, आणि मग एकामागून एक मुदतवाढ मिळत तो पन्नास वर्षे चालला.

त्याच कायद्याची दुसरी बाजूही मी त्याच चाळीत पाहिली. तेवीस रुपयांत मालक जिना दुरुस्त करणार नव्हता आणि त्याने केला नाही. आमच्या मजल्याच्या गॅलरीला लाकडी टेकू लावलेले होते. पावसाळ्यात आई आम्हाला गॅलरीच्या एका बाजूला उभे राहू देत नसे. अशा इमारती इतक्या झाल्या, की त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारला १९६९ मध्ये कायदा करून वेगळे मंडळ उभारावे लागले. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भाडे असे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा देणारा नवा कायदा आला. तोवर कितीतरी इमारतींचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. संकटापुरते घातलेले कुंपण संकट सरल्यावरही कोणी काढले नाही, की आतल्या माणसांचेच घर कसे पोखरले जाते, हे मी पुस्तकात वाचलेले नाही, त्या घरात राहून पाहिलेले आहे.

म्हणूनच आपल्या नगरपरिषदेने स्थगिती संपवताना तिच्या जागी कायमचा कायदा आणला, याचे मला मनापासून समाधान आहे. ऑक्टोबर १९७८ पूर्वी बांधलेल्या इमारतींना शहराचे भाडेनियंत्रण आधीपासून होते. १ जानेवारी २०२० पासून लागू असलेला राज्याचा कायदा भाडेवाढीला मर्यादा घालतो आणि बाहेर काढायला कारण मागतो. मात्र कारणाचे संरक्षण तो बारा महिने राहिलेल्या भाडेकरूलाच देतो, पंधरा वर्षांच्या आतल्या इमारती आणि बरीचशी स्वतंत्र घरे तो वगळतो, आणि २०३० मध्ये त्याची मुदत संपते. शहराचा नवा कायदा या फटी बऱ्याच प्रमाणात बुजवतो. पहिला करार संपला किंवा सहा महिने झाले, यांतले जे आधी घडेल तेव्हापासून भाडेकरूला संरक्षण मिळते, आणि त्याचा दोष नसताना घर खाली करून घ्यायचे असेल तर मालकाला स्थलांतराची भरपाई द्यावी लागते. हे काम चांगले झाले आहे.

आता त्यातल्या उणिवेकडे येते. आमच्या शेजारच्या इमारतीत साठीच्या एक बाई राहतात. ती इमारत १९८० नंतरची आहे, त्यामुळे शहराच्या भाडेनियंत्रणात ती येत नाही. बाई एका हॉटेलच्या धुलाई विभागात कामाला होत्या. एप्रिल २०२० मध्ये काम गेले, पुढे अर्धवेळ मिळाले, आणि त्या वर्षाचे सहा महिन्यांचे भाडे थकले. बाहेर पुष्कळांना वाटते की स्थगितीत भाडे माफ झाले. एक डॉलरही माफ झालेला नाही, सगळे डोक्यावर साचत राहिले आहे. राज्याच्या भाडेसाहाय्य योजनेतून ते फिटू शकले असते, पण त्या योजनेचे अर्ज ३१ मार्च २०२२ ला बंद झाले आणि बाईंना तिच्याविषयी कळले एप्रिलमध्ये. दरमहा दिलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. पहिल्यांदा तो डबा पाहिला तेव्हा मला आमच्या देवघराचा खण आठवला.

गेल्या महिन्यात त्यांचे भाडे चारशे डॉलरने कमी पडले आणि दारावर तीन दिवसांची नोटीस लागली. त्यांचा नातू कागद घेऊन माझ्याकडे आला. तिकडे बाईंनी बॅगा भरायला सुरुवात केली होती, कारण तीन दिवसांत घर सोडायचे आहे असा त्यांचा समज झाला होता. प्रत्यक्षात त्या कागदाचा अर्थ असा होता, की तीन दिवसांत पैसे द्या किंवा घर सोडा, नाहीतर मालक न्यायालयात दावा लावू शकेल. त्या तीन दिवसांत शनिवार, रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. शेवटी मीच घरमालकांना फोन केला. ते स्वतः निवृत्त शिक्षक आहेत, चार घरांची ती इमारत हीच त्यांची म्हातारपणाची पुंजी आहे, आणि तीन वर्षांत गळक्या छताचे काम त्यांनी उसने पैसे घेऊन केले आहे. दहा तारखेला पैसे मिळतील म्हटल्यावर ते थांबले. बाईंचे घर वाचले ते दोन भल्या माणसांचे बोलणे झाले म्हणून. कायद्याचा त्यात काही वाटा नव्हता.

महोदया, चारशे डॉलरसाठी दिलेली तशी नोटीस येत्या २७ मार्चनंतर टिकणार नाही. परिषदेने मंजूर केलेल्या दुसऱ्या वटहुकुमानुसार त्या दिवसापासून थकबाकी एका महिन्याच्या ठरवून दिलेल्या बाजारभाड्यापेक्षा जास्त असल्याखेरीज भाडे थकल्याच्या कारणावरून कोणाला काढता येणार नाही. एका बेडरूमच्या घरासाठी हा आकडा सध्या १,७४७ डॉलर आहे. मोठ्या भाडेवाढीमुळे घर सोडावे लागणाऱ्यांना स्थलांतराची भरपाई देणारा वटहुकूमही त्याच दिवशी लागू होईल. पण स्थगिती ३१ जानेवारीला संपली आणि हे दोन्ही वटहुकूम २७ मार्चला लागू होत आहेत. मधल्या आठ आठवड्यांत फेब्रुवारी आणि मार्च अशा दोन महिन्यांच्या पहिल्या तारखा येऊन गेल्या. आपले शहर ज्या जिल्ह्यात येते, त्या लॉस एंजेलिस कौंटीची वेगळी स्थगिती ३१ मार्चपर्यंत आहे हे मला ठाऊक आहे, पण तिचा आधार कसा आणि केव्हा घ्यायचा हे ज्याला माहीत आहे, त्यालाच तो मिळतो.

अशा मधल्या काळात काय होते, हे आपल्या शहराला नवीन नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये राज्यपालांनी राज्याच्या भाडेकरू संरक्षण कायद्यावर सही केली आणि तो १ जानेवारी २०२० पासून लागू व्हायचा होता. तेवढ्या पावणेतीन महिन्यांत, कायदा लागू होण्याआधी सुटून जावे म्हणून, काही मालकांनी काहीही दोष नसलेल्या भाडेकरूंना घाईघाईने नोटिसा दिल्या. तेव्हा याच परिषदेने तातडीचा वटहुकूम काढून वर्षअखेरपर्यंत तशा नोटिसांवर स्थगिती घातली आणि राज्याचा कायदा सुरू होईपर्यंतचे अंतर भरून काढले. या वेळी ते राहून गेले. झाले ते आता मागे नेता येणार नाही, परंतु त्या आठ आठवड्यांतल्या नोटिसा आजही न्यायालयाच्या वाटेवर आहेत.

यावर उपाय आपल्याच कायद्यात आहे. २७ जानेवारीपासून घर खाली करण्याची नोटीस भाडेकरूला दिल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत तिची प्रत शहराच्या गृहनिर्माण विभागाकडे दाखल करणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे शहराच्या इतिहासात पहिल्यांदाच कोणत्या दारावर, कोणत्या तारखेला, किती रकमेसाठी नोटीस लागली, याची यादी रोज आपल्या विभागाच्या टेबलावर येत आहे. दावा दाखल होऊन त्याचे समन्स भाडेकरूच्या हाती पडले, की उत्तर द्यायला त्याला न्यायालयीन कामकाजाचे अवघे पाच दिवस मिळतात. त्या पाच दिवसांत उत्तर गेले नाही, तर बाजू ऐकून न घेताच निकाल लागू शकतो आणि पुढे शेरीफची माणसे कुलूप बदलायला येतात. नोटीस आणि समन्स यांच्यामध्ये जो थोडा अवधी असतो, त्यात माहितगार माणूस दारात पोहोचला, तर पुष्कळ काही वाचू शकते. तो माणूस पाठवण्यासाठी लागणारा पत्ता शहराकडे आहे. ती प्रत नुसती फायलीला लागली, तर शहर केवळ बेघर होणाऱ्यांची नोंद ठेवत राहील.

म्हणून माझी विनंती अशी, की दाखल होणाऱ्या प्रत्येक नोटिशीमागे त्या पत्त्यावर दोन दिवसांच्या आत विभागाचे पत्र जावे, फोन नंबर असेल तर फोन जावा, आणि मोफत वकील मिळवून देणाऱ्या ‘स्टे हाउस्ड एलए’ या उपक्रमाचा क्रमांक त्या पत्राच्या पहिल्या ओळीत असावा. पत्र त्या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत असावे. ते मराठीत असावे असा माझा आग्रह नाही, मराठी माणूस इंग्रजीवर निभावून नेईल. पण स्पॅनिश, कोरियन, आर्मेनियन, टॅगालोग या भाषा बोलणाऱ्या आजी-आजोबांना कायदेशीर इंग्रजीचा कागद नातवाकडून वाचून घ्यावा लागू नये. नव्या कायद्याने भाडेकरूंच्या हक्कांची सूचना इमारतीत सर्वांना दिसेल अशा जागी लावायला सांगितले आहे. आमच्या इमारतीत ती कपडे धुण्याच्या खोलीत, ड्रायरच्या वर लागली आहे, आणि वाफेने तिचा खालचा कोपरा सुटून आत वळला आहे. दूरध्वनी क्रमांक नेमका त्याच कोपऱ्यात आहे.

१ फेब्रुवारी ते २६ मार्च या काळातल्या नोटिसांचा विभागाने वेगळा आढावा घ्यावा, हीदेखील विनंती आहे. ज्या नोटिशीतली थकबाकी २७ मार्चपासून लागू होणाऱ्या मर्यादेच्या आत आहे, त्या भाडेकरूकडे आणि मालकाकडे शहराने स्वतःहून मध्यस्थ पाठवावा. बहुतेक लहान मालकांना रिकामे घर नको असते, त्यांना भाडे हवे असते, आणि वकिलाच्या खर्चापेक्षा चारशे डॉलरची तडजोड त्यांनाही परवडते.

पुढच्या दोन तारखा याहून मोठ्या आहेत. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळातली थकबाकी १ ऑगस्ट २०२३ पर्यंत, आणि ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२३ मधली १ फेब्रुवारी २०२४ पर्यंत फेडायची आहे. शेजारच्या बाईंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर १ ऑगस्टला लाल पेनाने गोल केला आहे. सहा महिन्यांचे साचलेले भाडे त्या दिवशी एकरकमी त्या कोठून देणार, हे त्यांना ठाऊक नाही, आणि ते मिळाले नाही तर छतासाठी घेतलेले उसने पैसे त्यांचे मालक कोठून फेडणार, हे त्यांनाही ठाऊक नाही. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मंजूर केलेला ‘युएलए’ कर १ एप्रिलपासून पन्नास लाख डॉलरच्या वरच्या मालमत्ता विक्रीवर सुरू होत आहे आणि त्यातला वाटा भाडेकरूंच्या मदतीसाठी राखलेला आहे. त्याला न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि पैसा जमायलाही वेळ लागेल. तरी १ ऑगस्टच्या आधी शहराने दुसऱ्या निधीतून तात्पुरती रक्कम उभी करून थकबाकीची मदत थेट मालकाच्या खात्यात जमा करावी, आणि नंतर या कराच्या उत्पन्नातून ती वळती करून घेता येईल का ते तपासावे. अर्ज केव्हा सुरू होतील आणि केव्हा बंद होतील, हे प्रत्येक नोटिशीमागे जाणाऱ्या त्याच पत्रात लिहावे.

गेल्या वर्षीच्या मोजणीत या शहरात ४१,९८० माणसे बेघर होती. पदभार घेतल्याच्या पहिल्याच दिवशी आपण याविषयी आणीबाणी जाहीर केलीत आणि रस्त्यावरच्या माणसांना खोल्या मिळवून देण्याचे काम हाती घेतलेत, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. ज्यांना अजून घर आहे आणि ज्यांच्या दारावर कागद लागला आहे, त्यांची यादीही आता आपल्याकडे रोज येते. त्या यादीवर पहिले पत्र कोणत्या तारखेपासून निघेल, एवढे आपल्या कार्यालयाने २७ मार्चपूर्वी जाहीर करावे.

आपली नम्र,
पाम्स भागातील एक मराठी भाडेकरू