फोन बघत जेवणाऱ्या पोरांबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एक पत्र आलं होतं, की आजकालची पोरं मोबाईलवर दुसऱ्याचं खाणं बघत बसतात, नुसती खादाड झालीत, यांना कामधंदा नाही वगैरे. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझी बेळगावच्या शहापुरात छोटी खानावळ आहे, निपाणी, खानापूर, चंदगड, गोकाक सगळीकडनं शिकायला आलेली पोरंपोरी जेवायला असतात, त्यामुळं हे व्हिडिओ कोण बघतंय आणि कधी बघतंय ते मला रोज वाढताना दिसतं.

चौघं मिळून आली की फोन निघाला तरी एकमेकांना काहीतरी दाखवायला निघतो. एकटं आलेलं पोरगं मात्र बसल्याबसल्या पाण्याच्या जगला फोन टेकवतं, कोरियातली कुठली तरी बाई नूडल्सचा ढीग घेऊन बसलेली असते ते लावतं आणि मग भाकरीला हात घालतं. एकीला विचारलं, काय गं, काय बघूलालीस हे, तर म्हणाली, काकू समोर कोणतरी जेवायला बसलंय असं वाटतंय ओ, घरात एवढी माणसं असतात आणि इथं रूमवर भिंतीकडं बघून किती जेवायचं. आता यात खादाडपणा कुठं आला सांगा. हे प्रकरण २०१० च्या आसपास कोरियातच सुरू झालं, लाईव्ह कॅमेऱ्यासमोर बसून जेवायचं आणि बघणाऱ्यांशी गप्पा मारायच्या, आणि त्या देशात आता तीन घरांमागं जवळपास एक घर एकट्या माणसाचं आहे. तिथल्या एकट्यांना जे पाहिजे होतं तेच आमच्या पेइंग गेस्टवाल्या पोरांना पाहिजे. शिवाय आपल्याकडं पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरनं भांडणं, पण या व्हिडिओतल्या कुरुमकुरुम आवाजाला ना मराठी लागते ना कन्नड, खानापूरचा आणि गोकाकचा दोघं एकच व्हिडिओ बघून खूश!

पण म्हणून सगळं चांगलंच आहे असं मी म्हणत नाही. फोन बघत जेवणाऱ्याला आपण किती खाल्लं ते कळत नाही, हे मी डोळ्यानं बघते. एक पोरगा आहे, मान वर न करता आमटीभात कालवतो, दोनदा भात मागतो आणि हात धुताना विचारतो, काकू आज भाजी कुठली होती? लक्ष दुसरीकडं असलं की माणूस त्या वेळी जास्त खातो आणि नंतरही जास्त खातो असं यावरच्या अभ्यासातनं दिसलंय. नुसतं बघण्याचाही परिणाम होतोच, जर्मनीत २०१२ मध्ये पुरुषांना चमचमीत जेवणाचे फोटो दाखवून रक्त तपासलं तर भूक लावणारं हार्मोन वाढलेलं निघालं. म्हणजे रात्री बाराला कोण बिर्याणी चापतंय ते बघितल्यावर ज्याला त्याला बिस्किटचा पुडा आठवतो यात नवल काय.

मला जास्त काळजी डाएटवाल्या पोरींची वाटते. एकीचं लग्न ठरलंय, ताटातली अर्धी भाकरी मोडून ठेवते, भाताला हात लावत नाही, आणि रात्री अंथरुणात तासभर दुसऱ्यांचं खाणं बघते, म्हणे बघूनच पोट भरतं. स्वीडनच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा व्हिडिओंवर लोकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया वाचून काढल्या, तर काहींना त्यामुळं खाण्यावर ताबा ठेवता येतो असं वाटत होतं आणि काहींचा खाण्याचा जुना आजार त्यानंच उलटला होता. एकच व्हिडिओ एकाला आधार आणि दुसऱ्याला घात, त्यामुळं सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण जी पोरगी जेवण टाळून हे बघते तिच्याकडं घरच्यांनी लक्ष द्यावं, वजन उतरलं म्हणून कौतुक करत बसू नये, वेळ पडली तर डॉक्टरला दाखवावं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिला प्रश्न त्या राक्षसासारखं खाणाऱ्यांचा. त्यातले कितीतरी जण मधला भाग कापतात, घास तोंडातनं काढून टाकतात, हे चीनच्या सरकारी टीव्हीनंच २०२० मध्ये दाखवलं, आणि पुढच्या वर्षी तिथं कायदाच आला, अति खाण्याचे कार्यक्रम दाखवले तर एक लाख युआनपर्यंत दंड. आपल्याकडं त्याच २०२१ साली पुण्याकडच्या एका हॉटेलनं भलीमोठी थाळी तासाभरात संपवा आणि बुलेट घेऊन जा अशी स्कीम काढली, तर सगळ्या पेपरांनी आणि चॅनलांनी ती डोक्यावर घेतली. तुमच्या पुरवणीतसुद्धा अजून अशा पैजांचे फोटो येतात, इतक्या मिनिटांत इतके अंडे, इतकी मिसळ. पोरांना खादाड म्हणणारी पत्रं छापायची आणि आतल्या पानावर हे, तेवढं बंद करता आलं तर बघा. त्या जागेत एखाद्या आहारतज्ज्ञाला आणि मानसोपचाराच्या डॉक्टरला वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसवा, आमच्या खानावळीतल्याच पोरींचे भरपूर प्रश्न येतील, नाव न छापता.

कळावे,
एक खानावळवाली, शहापूर, बेळगाव