फाटकावरची मुले आणि आमचे रेडिओ केंद्र

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, बाकी ठीक.

गेल्या आठवड्यापासून महाविद्यालयाच्या फाटकावर मुले साखळी उपोषणास बसली आहेत. उन्हाळी परीक्षेचा निकाल अडल्यामुळे पुढचा प्रवेश आणि शिष्यवृत्तीचा अर्ज दोन्ही खोळंबले. आमचा स्टुडिओ तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या घोषणा ध्वनिमुद्रणात शिरतात आणि आम्ही त्या पुसून गुलाबी बोंडअळीचा सल्ला ऐकवतो. आमच्यासारख्या सामुदायिक रेडिओला, म्हणजे संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या केंद्राला, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात, हे तू जाणतोसच. मात्र परीक्षा, निकाल, प्रवेश यांची माहिती बातमीत धरत नाहीत. म्हणजे निकाल लागला हे मी सांगू शकतो. तो लागला नाही म्हणून मुले बसली आहेत, हे सांगितले की परवान्याची भीती! त्यातल्या एका मुलीचे वडील आमचे जुने श्रोते. कपाशीचा कार्यक्रम संपला की फोन करून विचारतात, "सर, पोरीचं काय झालं जी?"

तू लगेच अथेन्स काढशील. नोव्हेंबर १९७३ मध्ये पॉलिटेक्निकच्या मुलांनी स्वतः प्रक्षेपक जुळवून लष्करी राजवटीविरुद्ध शहराला हाक दिली आणि १७ तारखेच्या पहाटे रणगाड्याने फाटक मोडले, हे तू इतक्यांदा ऐकवलेस की मेसचा आचारीही ते सांगू लागला होता. मे १९६८ च्या पॅरिसमधल्या विद्यार्थी आंदोलनावरून तर आपण आठवडाभर अबोला धरला. वार्ताहर रस्त्यावरून थेट बोलत होते आणि मुले तेच ट्रान्झिस्टरवर ऐकून पुढे सरकत होती. तू त्याला खरी पत्रकारिता म्हणालास, मी म्हणालो की बातमीदारच बातमीत शिरला. माझे मत आजही तेच आहे. पण इथे शिरण्याचा प्रश्नच कुठे आहे? १०० वॅटचे केंद्र, आसपासची गावे, आणि पगार देणारी संस्था तीच, जिच्या दारात मुले बसली आहेत.

मला सुचते ते असे. पुनर्मूल्यांकन आणि प्रवेश यांवर अर्धा तास ठेवावा, परीक्षा विभागाच्या अधिकाऱ्यांना बोलवावे, प्रश्न त्याच मुलीने विचारावेत आणि उपोषणाचा उल्लेख कोणीही करू नये. आमचे व्यवस्थापक याला पळवाट म्हणतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या, त्याचा इथे काही उपयोग होतो का, तेही पाहा.

नागपूरच्या घराची वास्तुशांती झाल्याचे कळले, अभिनंदन; वहिनींना नमस्कार. उत्तर फोनवर नको, तुझ्या वकिली कागदावर लिहून पाठव, कारण सोमवारी समितीपुढे मला काहीतरी ठेवावे लागेल.

तुझा,
वामन